विषय : श्री. अमोलिक यांचे स्थलांतर

अमोलिक बाई आपल्या नवऱ्याशी सरकारी फाईलवर भांडत. खरोखरची फाईल होती ती. पुठ्ठ्याचं कव्हर, लाल नाडी, डावीकडे हिरव्या कागदावर शेरे, उजवीकडे कागदपत्रं, आणि वर बाईंच्या टपोऱ्या अक्षरात विषय : ‘श्री. य. रा. अमोलिक यांचे नव्या शहरात स्थलांतर – याबाबत.’ बाईंची आणि माझी ओळख या फाईलमुळे झाली, आणि तीसुद्धा माझ्या चुकीमुळे.

यमुनेपलीकडे तेव्हा एक नवं शहर उठत होतं. नाव सांगत नाही, कारण त्यातली काही मंडळी अजून नोकरीत आहेत. देशात नुकतंच सगळं खुलं झालेलं. परदेशी कंपन्यांची माणसं जमीन बघायला यायची, आमचे इंजिनिअर कमरेला पेजर लावून उगीचच ताठ चालायचे, आणि मोहरीच्या शेतात सेक्टरच्या नंबरांचे दगड उभे राहायचे. त्या शहराच्या प्राधिकरणात मी नवी नवी लागले आणि मला मसुदा कक्षात बसवलं. कक्षाच्या प्रमुख अमोलिक बाई मीटिंगला गेल्या होत्या. माझ्या टेबलावर एक फाईल होती, चक्क मराठीत. अख्ख्या ऑफिसात बाईंशिवाय मराठी वाचणारी मीच, तेव्हा ती माझ्यासाठीच ठेवली असणार असं मी धरून चालले.

फाईल वाचून मला अर्जदाराचा रागच आला. विभाग दोन वर्षं त्याला घर देऊ करतोय आणि हा नाही म्हणतोय. एकदा म्हणे पत्त्यात गल्लीचं नाव नाही, नुसते आकडे आहेत. एकदा म्हणे संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. विभागाने प्रत्येक वेळी शांतपणे उत्तर दिलेलं. मी पेन उघडलं आणि लिहिलं : ‘अर्जदार जिद्दी आहे. विभागाने पुरेशी संधी दिली आहे. कडक समज देऊन प्रकरण निकाली काढावे.’ खाली झोकात सही केली.

बाई परत आल्या, त्यांनी शेरा वाचला आणि त्या खुर्चीत बसल्या. मग इतक्या हसल्या की चष्मा काढून पदराने पुसावा लागला.

“जिद्दी नाही गं, हट्टी,” त्या म्हणाल्या. “जिद्दी मी आहे. आणि अर्जदार माझे मिस्टर आहेत.”

मला वाटलं, नोकरी पहिल्याच दिवशी गेली. बाईंनी मात्र फाईलला नाडी बांधली आणि शनिवारी डब्याबरोबर ती नवऱ्याकडे धाडली. सोमवारी माझ्या शेऱ्याखाली बारीक, काटकोनी अक्षरात उत्तर आलं : ‘नवीन अधिकारी तडफदार दिसतात. मराठी दिल्लीचं आहे. तरीही सहमत नाही. – य. रा. अ.’

प्रकरण असं होतं. बाई मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती घरातल्या, लग्न होऊन दिल्लीला आल्या त्या इथल्याच झाल्या. त्यांचे मिस्टर, ज्यांना मी पुढे काका म्हणू लागले, केंद्राच्या एका मंत्रालयात अवर सचिव. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांचा सगळा संसार झाला. पुढे घरांच्या ड्रॉमध्ये बाईंच्या नावावर नव्या शहरात तळमजल्याचा फ्लॅट निघाला, ऑफिस तिथून जवळ, म्हणून बाई सोमवार ते शनिवार तिथे राहू लागल्या आणि रविवारी क्वार्टरवर. येत्या मार्चअखेर काका निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडावं लागणार होतं. काकांनी जाहीर केलं होतं की ते नगरला भावाकडे जाऊन राहतील. बाईंनी जाहीर केलं होतं की नगरला आता त्यांना ओळखणारं फक्त बस स्टँड आहे. दोघंही मागे हटेनात. म्हणजे तेहतीस वर्षांचा संसार मार्चअखेर दोन गावांत वाटला जाणार होता, आणि तो वाटला जाऊ नये म्हणून ही फाईल हिंडत होती.

समोरासमोर का नाही भांडत, असं मी एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, “समोरासमोर आम्ही दोघंही जेवायला काय करू यावर येतो. फाईलवर माणूस मुद्द्याला धरून राहतो.”

त्याच हिवाळ्यात आमचे मोठे साहेब सिंगापूरचा दौरा करून आले आणि आल्या आल्या म्हणाले, आपल्या शहराला व्हिजन हवं. एक पानी, फ्रेममध्ये लावता येईल असं. मार्चमध्ये परदेशी पाहुणे येणार, त्यांच्या हस्ते त्याचं अनावरण होणार. दिल्लीतल्या कुठल्याशा सल्लागार मंडळींनी आधीच एक मसुदा दिला होता. तो सुधारायचं काम बाईंकडे आलं. बाईंनी मसुदा मोठ्याने वाचला. जागतिक दर्जा, गतिमान, एकविसावं शतक, सगळं होतं. मग शहराचं नाव काढून तिथे पानिपत घालून वाचलं, छान वाटलं. मग आमचं कँटीन घालून वाचलं. ‘आमचं कँटीन हे उद्याच्या पिढीच्या आकांक्षांचं गतिमान केंद्र असेल.’ तेही छान वाटलं. चहा घेऊन आलेल्या कँटीनवाल्या यादवजींना बाईंनी ते हिंदी करून सांगितलं, तर ते हात जोडून म्हणाले की आप लोगों का आशीर्वाद है.

बाईंनी तो मसुदा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “मीनल, सगळ्यांसाठी लिहिलेलं कुणीच वाचत नाही. आपण एका माणसासाठी लिहू. तो शिकलेला हवा, कायदेशीर हवा आणि हट्टी हवा. माझ्याकडे आहे.”

अशा रीतीने एका अख्ख्या शहराचं व्हिजन एका नवऱ्याची समजूत काढण्यासाठी लिहिलं जाऊ लागलं. आधी मराठीत, कारण बाईंचं म्हणणं, इंग्रजीत आपण काहीही खपवतो आणि आपल्यालाच पत्ता लागत नाही. दर शनिवारी मसुदा फाईलला लागून क्वार्टरवर जायचा. सोमवारी मी ऑफिसात इतरांच्या आधी पोचायचे, शेरा वाचायला. एवढ्या उत्सुकतेने मी माझ्या लग्नाच्या स्थळांची पत्रंसुद्धा कधी वाचली नाहीत.

पहिलं वाक्य गेलं : ‘हे शहर हिरवं असेल.’ शेरा आला : ‘शेवाळही हिरवं असतं. झाडाखाली बसता येईल का, ते कळवावे.’ आम्ही सुधारून लिहिलं की शहरात सावलीत पाठ टेकून बसता येईल अशी बाकं असतील. शेरा : ‘पाठ टेकून हे ठीक. किती अंतरावर?’ आम्ही लिहिलं, सहज चालत जाता येईल इतक्या अंतरावर. त्यावर आला तो शेरा मला अजून पाठ आहे : ‘सहज चालत कोण? मीनल की मी? माझा डावा गुडघा विचारात घेऊन फेरसादर करावे.’

बाईंनी हे फार गंभीरपणे घेतलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या मला घेऊन त्यांच्या सेक्टरमध्ये आल्या, घराच्या फाटकाशी उभ्या राहिल्या आणि लंगडत चालू लागल्या. काकांच्या गुडघ्याने किती पावलांवर बसावंसं वाटतं, हे त्यांना मोजायचं होतं. माझ्या हातात वही. उन्हात, धुळीत, दोन्ही बाजूंनी अर्धवट बांधलेल्या घरांच्या मधून आमची वरात निघाली. समोरच्या ग्रोव्हर आंटी गच्चीत पापड वाळत घालत होत्या, त्या धावत खाली आल्या.

“क्या हुआ बहनजी, मोच आ गई?”

“नहीं जी,” बाई न थांबता म्हणाल्या. “ये मेरे हस्बैंड का घुटना है.”

ग्रोव्हर आंटींना हे क्षणात पटलं. त्या म्हणाल्या की त्यांच्या सरदारजींचे तर दोन्ही गेलेत, आणि त्या दोन्ही पायांनी लंगडत आमच्यामागे निघाल्या. कोपऱ्यावर मुखर्जीबाबू भेटले, निवृत्त शाळामास्तर. त्यांनी चौकशी केली आणि स्वतःची कंबर सामील केली. त्यांना तर नाटक करायचीही गरज नव्हती. भाजीची गाडी ढकलणारा माणूस आमच्याकडे बघत बघत गाडीसकट खड्ड्यात गेला. मी हसून हसून पावलांचा हिशेब दोनदा चुकवला, आणि बाईंनी दोन्ही वेळा सगळ्यांना फाटकापर्यंत परत नेऊन पुन्हा चालायला लावलं. शेवटी आकडा निघाला : एकशे दहा पावलं. बाईंनी तो फाईलवर चढवला. शेरा आला : ‘एकशे दहा मान्य. काम नेटकं आहे.’ बाईंनी तो शेरा मला दोनदा वाचायला लावला आणि संपूर्ण कक्षाला समोसे खिलवले.

आता काका येणारच, असं आम्ही धरून चाललो. म्हणून फेब्रुवारीत बाईंनी जरा सैल हाताने लिहिलं : ‘या शहरात कुणीही एकटं नसेल.’

त्या सोमवारी शेरा नेहमीच्या अक्षरात होता, पण त्यात गंमत नव्हती. ‘हे वाक्य खरं नाही. आपल्या ब्लॉकमध्ये निम्म्या घरांना कुलपं आहेत. उद्या दोघांपैकी एक गेलं तर खांदा द्यायला चार माणसं कुठून आणणार? माझी खरी अडचण ही आहे. बाकीचे मुद्दे मी वेळ काढायला लिहीत होतो.’

बाईंनी ते वाचलं आणि फाईल बंद केली. त्या दिवशी त्या कुणावर रागावल्या नाहीत, कुणाची फिरकी घेतली नाही. दुपारी म्हणाल्या, “खरंच विचारलंय गं त्यांनी. आता खोटं उत्तर देता येणार नाही.” मला पहिल्यांदा भीती वाटली की काका नगरला जातील आणि बाई इथेच राहतील, दोघंही आपापल्या जागी बरोबर.

त्या रविवारी बाई क्वार्टरवर गेल्या नाहीत. मला त्यांनी घरी बोलावलं. दुपारचे चार वाजले होते. ब्लॉकच्या मधल्या मोकळ्या जागेत त्या फाईल बगलेत मारून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, घड्याळ लाव. त्यांना बघायचं होतं की हाक मारली तर किती दारं उघडतात. आधीपासून कुणाला सांगायचं नाही, ही अट त्यांनी स्वतःलाच घातली होती. पण हाक काय मारायची हे सुचेना. ‘कोई है’ म्हटलं तर लोक सेल्समन समजून कडी लावून घेतात. ‘बचाओ’ म्हणायची त्यांना लाज वाटली. शेवटी पोटातून आली ती हाक त्यांनी दिली.

“अहो, ऐकलंत का!”

सगळ्या ब्लॉकवर ती हाक घुमली. एका अक्षराचाही अर्थ तिथे कुणाला कळला नसेल. तरी पहिलं दार ग्रोव्हर आंटींचं उघडलं, हातात कणकेचा गोळा तसाच. दुसरं मुखर्जीबाबूंचं, बनियनवर. मग वरच्या मजल्यावरची मल्याळी नर्स, रात्रपाळी करून झोपलेली, डोळे चोळत खाली आली आणि विचारू लागली की किसको क्या हुआ. आम्ही अजून थांबलो. चौथं दार उघडलं नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी म्हटलं, बाई, माझं धरून चार लिहू या. बाई म्हणाल्या, तू पार दिल्लीत, सरिता विहारला राहतेस, तुझं दार कसं धरायचं. मग त्या तिघांना चहाला आत घेऊन गेल्या, आणि चहा होईपर्यंत नर्सने त्यांचं ब्लडप्रेशर बघितलं.

सोमवारी फाईलवर त्यांनी लिहिलं : ‘प्रत्यक्ष पाहणी केली. “अहो, ऐकलंत का” अशी हाक मारल्यावर तीन दारं उघडली.’ एवढंच. एरवी शनिवारी जाणारी फाईल त्यांनी यावेळी ऑफिसच्या ड्रायव्हरबरोबर दुपारीच पाठवली, आणि ती संध्याकाळच्या आत परत आली. शेरा : ‘तीन. चौथा कोण?’

बाईंनी पेन उचललं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं, खट्याळ हसू पुन्हा आलं. त्यांनी लिहिलं : ‘चौथे पद रिक्त आहे. अर्ज मागवण्यात येत आहेत.’

दोन दिवस काहीच आलं नाही. बाईंनी त्या दोन दिवसांत तीन पत्रांवर चुकीच्या जागी सह्या केल्या. तिसऱ्या दिवशी मंत्रालयाच्या लांब पिवळ्या पाकिटातून रीतसर अर्ज आला. ‘विषय : दार उघडणाऱ्या इसमाचे पद. पात्रता : एक गुडघा निकामी, कान शाबूत. अनुभव : सदर हाकेला तेहतीस वर्षे ओ देत आहे. रुजू होण्याची तारीख : एक एप्रिल.’ बाई तो अर्ज घेऊन खिडकीशी गेल्या आणि त्यांनी तो उजेडात पुन्हा वाचला. मग वळून म्हणाल्या, “मीनल, आवक नोंदवहीत चढव.” मी चढवला.

व्हिजनचं म्हणाल, तर ते पडलं. बाईंनी साहेबांपुढे पान ठेवलं. त्यात लिहिलं होतं की या शहरात थकलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा असेल, आणि आज हाक मारली तर तीन दारं उघडतात, चौथं उघडावं म्हणून हे प्राधिकरण आहे. साहेबांनी दोनदा वाचलं. त्यांना आवडलं असावं, पण ते म्हणाले, मॅडम, तीन बहुत कम लगता है, हज़ारों लिख दीजिए. बाई नम्रपणे म्हणाल्या, “सर, तीन गिने हुए हैं.” साहेब हसले आणि त्यांनी सल्लागारांचाच मसुदा फ्रेमला पाठवला. त्यावर कुठल्या तरी परक्या देशातल्या कारंज्याचं चित्र होतं. परदेशी पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी फणफणले. बाईंना मात्र काडीचं दुःख नव्हतं. ज्याच्यासाठी लिहिलं होतं त्याने वाचलं, मग आणखी काय हवं, असं त्यांचं म्हणणं. शिवाय टायपिस्टने घाईत आमचा एकशे दहा पावलांचा कागदही सल्लागारांच्या मसुद्याला परिशिष्ट म्हणून टाचला होता. बैठकीत परिशिष्ट कुणी वाचत नाही, ते मंजूर झालं. उद्यान विभागाने मुकाट्याने बाईंच्या सेक्टरमध्ये दर एकशे दहा पावलांवर पाठीचं बाक टाकलं आणि शेजारी एकेक कडुनिंब लावला. त्यांच्या इंजिनिअरने मला विचारलं होतं की हा आकडा कुठल्या देशातून आला. मी म्हटलं, आर. के. पुरमहून.

एक एप्रिलला काका ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून रुजू झाले. पुढची वीस वर्षं त्या बाकांवर मी त्या दोघांना किती वेळा बघितलं असेल. बाई लोकांना बोलवायच्या, काका त्यांच्या तक्रारींचे मसुदे करून द्यायचे. कुलपं निघत गेली, मेट्रो आली, कडुनिंबांची सावली रस्त्याच्या पलीकडे पोचली. काकांना तिथली एवढी माणसं ओळखू लागली की बाई कुरकुरायच्या, भाजी आणायला पाठवलं की दोन तास येत नाहीत.

चार वर्षांपूर्वी, जानेवारीत, बाई गेल्या. छोटंसं आजारपण, त्यातही नर्सना हसवत होत्या. मी पोचले तेव्हा ब्लॉकमध्ये शिरायला वाट नव्हती. पहिला खांदा मुखर्जीबाबूंच्या मुलाने दिला, दुसरा ग्रोव्हर आंटींच्या नातवाने. तिसरा, चौथा कुणी दिला ते गर्दीत मला दिसलं नाही. मोजायची सवय त्यांची होती. त्या दिवशी माझ्याने मोजवलं नाही, मी एका बाकावर बसून रडले.

आठवड्याने काकांनी मला बोलावलं. टेबलावर ती फाईल होती, नाडी नवी. शेवटच्या हिरव्या कागदावर बाईंचं अक्षर, हॉस्पिटलमध्ये लिहिलेलं, थोडं हललेलं : ‘स्थलांतर पूर्ण. अर्जदार नव्या जागी रुळले आहेत, शेजारी चांगले आहेत. आता काळजी नाही. प्रकरण बंद करण्यास हरकत नसावी.’

त्याखाली तेच बारीक, काटकोनी अक्षर : ‘सहमत नाही. फाईल चालू ठेवावी.’

काकांनी पेन माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, “नवीन अधिकाऱ्यांचं मत लागेल.” मी केस पिकू लागलेली बाई, पण त्या फाईलवर मी अजून नवीनच होते. याच फाईलवर मी एकदा झोकात लिहिलं होतं की प्रकरण निकाली काढावं. मी डोळे पुसले आणि त्याखाली लिहिलं : ‘अर्जदाराशी सहमत.’ काकांनी ते वाचलं, नाडी बांधली आणि फाईल बाईंच्या खुर्चीवर ठेवली.